गावकीची भांडी

आमच्या लहानपणी गावात कुणाकडे लग्न ठरलं की घरातला कर्ता माणूस सगळ्यात आधी एका घरी जाऊन यायचा. गावकीच्या भांड्यांची किल्ली ज्या घरी असायची, त्या घरी! पोलादपूर तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या कुशीतलं, शे-सव्वाशे उंबऱ्यांचं. पाचशे माणसांचा भात शिजेल एवढं तपेलं एकट्या कुणाच्या घरी असणं शक्यच नव्हतं. म्हणून गावाने वर्गणी काढून भांडी घेतलेली. तपेली, हंडे, पराती, कढया, झारे... देवळाशेजारच्या खोलीत ती कुलपात असत.

नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. भांडं घासून-पुसून परत करायचं. पोचा आला तर ठोकून द्यायचा. कल्हई उडाली असेल तर लावून द्यायची. आणि एखाद्याने आपल्या कार्यासाठी हौसेने नवी परात घेतली, तर कार्य उरकल्यावर ती गावकीत जमा व्हायची. मात्र काठावर त्याचं नाव कोरलेलं असायचं! पन्नास वर्षांनी ती परात कुणाच्या लग्नात वापरली गेली तरी ते नाव वाचलं जायचं.

आज पंचाहत्तरीला ही भांडी आठवायला कारण झाला माझा नातू. तो पुण्याला भूगर्भशास्त्र शिकतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर मला आपल्या महाड-पोलादपूरचा नकाशा दिसला. सावित्री, गांधारी, काळ या नद्या, डोंगरांचे चढ-उतार, वाड्या-वस्त्या... उतार जितका तीव्र तितका रंग गडद. मी आयुष्यभर वर्गात कापडी नकाशे टांगले. असा नकाशा मी पाहिला नव्हता.

मी विचारलं, "अरे, हे कितीला घेतलंस?"

"फुकट आहे आजोबा."

"चोरीचं नाही ना?"

तो हसला. म्हणाला, "नाही हो! हे सगळ्यांचं आहे."

सगळ्यांचं आहे म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला पुढचे दोन दिवस लागले. त्या प्रोग्रामचं नाव क्यूजीआयएस. गॅरी शेरमन नावाच्या माणसाने २००२ साली अलास्कात स्वतःच्या गरजेसाठी तो लिहायला घेतला आणि त्याचं मूळ लिखाण उघडं ठेवलं. इंग्रजीत त्याला सोर्स कोड म्हणतात. आपण स्वयंपाकाची कृती म्हणू. बाजारातला प्रोग्राम म्हणजे तयार मसाल्याची पुडी. चव मिळते, पण आत काय घातलंय ते कळत नाही. मुक्तस्रोत प्रोग्राममध्ये कृतीच हातात मिळते. ती वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. क्यूजीआयएसला जो परवाना आहे त्यात एक मुख्य अट आहे. तुम्ही त्यात सुधारणा करून ती पुढे कुणाला दिलीत, तर सुधारलेली कृतीही त्याला द्यायची, लपवायची नाही. जगभरच्या माणसांनी गेली वीस-बावीस वर्षं त्यात भर घातली आणि आज विद्यापीठांत, सरकारी खात्यांत तो वापरला जातो.

मला लगेच आमची परात आठवली. नव्या नावाने आलेली ही आपल्या गावकीचीच रीत!

आता माझ्या वह्यांबद्दल सांगतो. ते सांगायला फारसं बरं वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी ज्या शाळेत होतो तिथे १९८२ च्या सुमारास एक पर्जन्यमापक आला. साधं यंत्र. वर नरसाळं, आत बाटली, शेजारी मोजपात्र. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजायचं आणि मिलिमीटरमध्ये लिहायचं. हे काम मी मागून घेतलं. पावसाळ्यात रविवारीसुद्धा मी चालत शाळेत जायचो. शाळेची नोंदवही वेगळी आणि माझी घरची वही वेगळी. माझ्या वहीत शेरेही असत. 'ओढ्याला दुपारी लाल पाणी', 'वरच्या वाडीच्या बांधाला भेग', 'झरा नेहमीच्या जागेहून खाली फुटला'. २००८ ला निवृत्त झालो तेव्हा अशा सव्वीस-सत्तावीस पावसाळ्यांच्या वह्या जमल्या होत्या. त्या मी महाडच्या घरी आणल्या आणि कपाटात ठेवल्या. खालच्या कप्प्यात.

वर्षभरात एक मुलगी आली. संशोधन करत होती. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून दोनशेच्या आसपास माणसं गेली, त्यावर तिचा अभ्यास चालला होता. तिला वह्यांच्या छायाप्रती हव्या होत्या. मी नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं की ही माझे आकडे नेईल, स्वतःच्या नावाने छापेल आणि मी कुठेच नसेन. वर मी तिला ऐकवलं, "वह्या घराबाहेर जाणार नाहीत. हवं तर इथे बसून उतरवून घे." परतीच्या गाडीपर्यंत तिच्या हातात अर्धा दिवस होता. तेवढ्यात तिने २००५ चा एक पावसाळा उतरवला. शेऱ्यांसकट. चहा घेऊन, नमस्कार करून गेली.

पुढे २०२१ चा २२ जुलै आला. महाडकरांना त्या दिवसाबद्दल मी काय सांगणार! सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून आपल्याकडे येते. त्या दिवशीचा तिथला पाऊस, म्हणजे २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांतला, ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तालुक्यात तळिये गावावर दरड आली आणि ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. आमच्या घरात माणसं माळ्यावर चढली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात चिखलाचा एक घट्ट लगदा होता. त्यात माझ्या वह्या होत्या. शाळेच्या मूळ नोंदवहीची चौकशी केली, तर ती कुठे गेली हे कुणालाच सांगता आलं नाही.

आठवड्याने फोन आला. त्याच मुलीचा! आता ती एका महाविद्यालयात शिकवते. "सर, तुम्ही सुखरूप आहात ना?" मी वह्यांचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, २००५ माझ्याकडे आहे." संध्याकाळी तिने सगळ्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवले. सत्तावीस वर्षांपैकी जे एक वर्ष मी, नाखुशीने का होईना, दुसऱ्याला दिलं तेवढंच उरलं. जे जपून ठेवलं ते सगळं गेलं.

माझ्या वह्या कुणाला मिळाल्या असत्या तर तळियेची दरड थांबली असती, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं गेलेल्या माणसांच्या बाबतीत उथळपणाचं होईल. पण दरडीचा अभ्यास कसा होतो ते मी आता थोडं शिकलो आहे. एका दिवसाच्या पावसाने सहसा काम होत नाही. आधी आठ-दहा दिवस माती भिजत जाते, जड होते, तिच्यातली पकड सुटते आणि मग एका रात्रीच्या मुसळधारीने ती निघते. कोणत्या उतारावर किती दिवसांत किती पाऊस झाला म्हणजे वाडी हलवायची, ही मर्यादा ठरवायला रोजच्या पावसाची जुनी यादी लागते आणि दरडी कधी, कुठे आल्या त्याची यादी लागते. त्याही गावच्या पातळीवरच्या.

भारतीय हवामान खात्याच्या पुण्याच्या कार्यालयाने १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस चौकोनाचौकोनांत मांडून सर्वांना फुकट उतरवून घेण्यासाठी ठेवला आहे. फार मोठं काम आहे ते. पण त्या चौकोनाची बाजू पाव अंशाची, म्हणजे २५ किलोमीटरहून थोडी जास्त. पोलादपूर ते महाबळेश्वर सरळ रेषेत अंतर वीस-बावीस किलोमीटर आणि उंचीत फरक हजार मीटरहून अधिक! एवढ्या अंतरात पाऊस किती बदलतो ते घाटात एसटीने प्रवास केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. चौकोनातली रिकामी जागा भरायला गावोगावच्या वह्याच हव्यात.

"पण एवढ्या वह्या संगणकात घालणार कोण?" हा प्रश्न मीही नातवाला विचारला. त्याने जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो.

इंग्लंडमध्ये पावसाच्या हस्तलिखित नोंदींचे ढीग पडून होते. १६७७ ते १९६० या काळातली सुमारे ६५ हजार पानं. २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनामुळे माणसं घरात अडकलेली असताना, रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी त्या पानांची छायाचित्रं 'झूनिव्हर्स' नावाच्या ठिकाणी सर्वांसमोर ठेवली. ज्याला जमेल त्याने पान उघडायचं, आकडा वाचायचा, टाइप करायचा. तोच आकडा आणखी काही जण वाचणार, म्हणजे चूक निघून जाते. आपण नाही का पेपरांची फेरतपासणी करत! १६ हजार माणसं कामाला लागली आणि सोळा दिवसांत ५२ लाख नोंदी उतरल्या. त्यामुळे त्या देशाचा पावसाचा अधिकृत इतिहास १८३६ सालापर्यंत मागे नेता आला.

हे 'झूनिव्हर्स' निघालं २००७ च्या एका प्रकल्पातून. त्यात लोकांनी आकाशगंगांचे फोटो पाहून त्यांचे आकार ओळखायचे होते. पहिल्याच वर्षी हॅनी फान आर्केल नावाच्या बाईंना एका फोटोत एक अनोळखी ठिपका दिसला. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" तज्ज्ञांनाही ते नवीन होतं. आज तो प्रकाशमान वायूचा ढग त्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि या बाई कोण? नेदरलँड्समधल्या शाळामास्तरीण! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू... या 'झूनिव्हर्स'चा प्रोग्रामही मुक्तस्रोत आहे आणि आपला प्रकल्प त्यावर कुणालाही मांडता येतो.

परदेशाचंच कौतुक नको, आपल्याकडेही असं घडलं आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. २०१० ते २०१२ या काळात तिने बहुतेक सगळ्या आकाशाची पाहणी केली. त्यातला काही भाग मूळ चमूने प्रसिद्ध केला, पण सगळी मोजमापं भांडारात खुली होती. म्हणून ह्युब इंटेमा आणि त्यांचे सहकारी ती उघडू शकले. त्यांनी स्वतःची पद्धत वापरून सगळी सामग्री नव्याने मांडली आणि २०१६-१७ मध्ये ९० टक्के आकाशाचा नकाशा, त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोत, जगासाठी खुला केला. पद्धतही खुली केली. खोडदच्या शेतांमधून पाहिलेलं आकाश दूरच्या माणसाने मांडलं म्हणून खोडदचं नाव पुसलं गेलं नाही. उलट जगभर वाचलं गेलं. परातीच्या काठावर कोरलेल्या नावासारखं!

त्या मुलीला मी नाही म्हटलं तेव्हा मला हे कळायला हवं होतं. नाव राखायचं तर वही कुलपात घालून ते राखता येत नाही. वापरा, पण मूळ कुणाचं ते सांगा, अशा अटीचे परवाने आज सरळ उपलब्ध आहेत.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मास्तर भलतेच भारावले आहेत. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ती सांगायला महाडइतकी योग्य जागा नाही.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! त्यानंतर तीन वर्षं तिथे कुणाला ओंजळभर पाणी घेता आलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा ते तळं खुलं झालं. त्यासाठीही लोकांनी मार खाल्ला आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. आणि गावकीच्या ज्या भांड्यांचं मी मघापासून कौतुक करतो आहे, ती भांडी आमच्या गावातल्या वेशीबाहेरच्या वाडीला मिळत नव्हती. सगळ्यांची भांडी म्हणताना त्या 'सगळ्यां'त कोण येतं, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

माणुसकीच्या त्या लढ्याशी संगणकाच्या गोष्टीची बरोबरी करायची नाही. वेबसाइट उघडली म्हणून कुणी कुणाला मारत नाही. पण तळ्याने महाडला शिकवलेला धडा इथेही लागू आहे. खुलं आहे असं लिहिल्याने ते खुलं होत नाही. काठापर्यंत पोहोचता आलं पाहिजे, खाली उतरायला पायऱ्या पाहिजेत.

माझ्यासारख्या मराठीत बी.ए. झालेल्या माणसाला या खुल्या साधनांपुढे बसवलं तर काय होतं? सगळ्या सूचना इंग्रजीत, तंत्राचे शब्द, एक बटण चुकलं की सगळं गायब. नातू शेजारी होता म्हणून जमलं. शेजारी नातू नसलेल्या ग्रामसेवकाने, आशाताईने, बारावीच्या पोराने काय करायचं? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने यावर चांगला मार्ग काढला. मुक्तस्रोत प्रोग्राम शिकवणारे दहा-दहा मिनिटांचे धडे त्यांनी मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलते केले. मी त्यातूनच आकड्यांचा तक्ता मांडायला शिकलो. या वयात! पायऱ्या म्हणतो त्या अशा.

दुसरं, कल्हईचा प्रश्न. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, अशी आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटच्या सुरक्षेसाठी सर्रास वापरला जाणारा एक मुक्तस्रोत प्रोग्राम हातावर मोजण्याइतकी माणसं, तुटपुंज्या देणगीवर सांभाळत होती. मोठमोठ्या कंपन्यांनी भांडी वापरली, कल्हईला पैसे दिले नाहीत! आमच्या गावकीत किल्ली सांभाळणाऱ्याला वर्षाचं भात मिळायचं. फुकट वापरायचं म्हणजे फुकट चालतं असं नव्हे, हे आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या गावाला समजत होतं.

म्हणून माझं मत असं. सरकारी पैशाने मोजलेला पाऊस, नदीची पातळी, दरडीची पाहणी हे सगळं आपोआप खुलं असावं, मागणाऱ्याला अर्ज करायला लावू नये. त्याला मराठीत दार असावं. आणि सांभाळणाऱ्याचा पगार अंदाजपत्रकात असावा. यातलं एकही कलम वगळलं तर बाकीची दोन कागदावरच राहतात.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आम्ही तीन निवृत्त शिक्षकांनी सुरुवात केली आहे. घराघरांत विचारतो. कुणाकडे जुन्या शेतीच्या रोजनिशीत पाऊस लिहिलेला सापडतो, कुणाकडे देवळाच्या जमाखर्चात 'आज पूर, पालखी निघाली नाही' एवढीच ओळ सापडते. तीही तारखेसकट उपयोगी आहे. पानाचा फोटो काढायचा, एकाने आकडे टाइप करायचे, दुसऱ्याने पडताळायचे, प्रत तीन ठिकाणी ठेवायची. ज्यांची वही, त्यांचं नाव पहिल्या ओळीत. पहिला तक्ता २००५ चा केला. त्यावर माझ्या नावाखाली त्या मुलीचं नाव घातलं. तिने नको म्हटलं, पण मी ऐकलं नाही.

तुमच्या घरात, महाड-पोलादपुरात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी कुठेही, अशी वही असेल तर मृग लागायच्या आत तिचे फोटो काढा आणि निदान दोन माणसांकडे देऊन ठेवा. आणि ती वही आज खालच्या कप्प्यात असेल, तर आधी उठून वर ठेवा. बाकीचं मग वाचा.